दोन सूत, तीन सूत की अर्धा इंच? घरासाठी रॅचेट निवडताना

"मामा, मोबाइलवर सेहेचाळीस पीसचा डबा पाचशेले भेटून राहिला. घेऊन टाकू का?"

भाच्याचा हा फोन होळीनंतरच्या आठवड्यातला. नागपुरात होळी झाली की कूलर काढायचा मुहूर्त लागतो, आणि कूलरपाशी बसलं की घरात एकही धड पाना नाही हे दरवर्षी नव्याने कळतं. भाचा नुकताच बेसा भागात नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेलाय. खाली एक स्कूटर, वडिलांची जुनी मोटारसायकल आणि एक छोटी कार. वर खिडकीला जुन्या घरून आणलेला लोखंडी कूलर. हत्यारं म्हणाल तर कारच्या डिकीतला एल पाना आणि जबडा ढिला झालेला एक स्क्रू पाना. इतवारीतल्या दुकानदाराने त्याला रॅचेटचा अर्ध्या इंचीचा चोवीस पीसचा सेट दाखवला होता, मोबाइल दोन सुतीचा सेहेचाळीसचा डबा दाखवत होता, आणि ऑफिसातला मित्र म्हणत होता, घ्यायचा तर तीन सुतीचाच घे. तिघंही आपापल्या जागी बरोबर होते, म्हणूनच पोरगं गोंधळलं होतं.

रॅचेट म्हणजे नटावरून न उचलता नुसता मागे-पुढे करून फिरवायचा पाना. माझ्याकडे तिन्ही मापांचे आहेत. त्यात शहाणपण काही नाही. एक चुकला म्हणून दुसरा घेतला, दुसरा अंगावर यायला लागला म्हणून तिसरा. त्याला म्हटलं, काही मागवू नको, रविवारी तिन्ही घेऊन येतो, तुझ्याच नटांवर फिरवून पाहू.

हे माप कशाचं?

रॅचेटच्या डोक्यातून जी चौकोनी खुंटी बाहेर येते, जिच्यावर गोटी, म्हणजे नटावर चढणारी पोकळ टोपी (सॉकेट), बसते, त्या खुंटीचं हे माप. घरच्या कामाची मापं तीनच: १/४, ३/८ आणि १/२ इंच. मिलिमीटरमध्ये ६.३५, ९.५ आणि १२.७. इंचाचे आठ सूत, म्हणून पहिला दोन सुती, दुसरा तीन सुती. तिसऱ्याला मात्र दुकानात सगळे 'अर्धा इंची'च म्हणतात.

खुंटी जरा जाड झाली तर एवढा काय फरक पडतो? पुष्कळ पडतो. पिळाला तोंड द्यायची ताकद जाडीच्या घनाच्या हिशेबाने वाढते. तीन सुती खुंटी दोन सुतीच्या दीडपट जाड, पण ताकद तिपटीहून जास्त. हाताने चालवायच्या रॅचेटने चाचणीत किमान किती पीळ सोसावा याचे आंतरराष्ट्रीय मानकातले आकडे पाहिले की हे लगेच दिसतं: १/४ इंचीला ६२ न्यूटन-मीटर, ३/८ ला २०२, १/२ ला ५१२. न्यूटन-मीटर डोळ्यांसमोर येत नसेल तर असं समजा: एक मीटर लांब दांडीच्या टोकाला दहा किलोची पिशवी लटकवली की नटावर साधारण १०० न्यूटन-मीटर पीळ पडतो.

हे आकडे वाचून माणूस लगेच अर्ध्या इंचीकडे धावतो. मीही तसाच धावलो होतो. पण घरातले बहुतेक नट लहान असतात. स्कूटरच्या पत्र्याचे, कव्हरचे, नंबर प्लेटचे बोल्ट ६ मिमीचे, त्यांची डोकी १० मिमीची. अशा बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर पीळ पुरतो. अर्ध्या इंची रॅचेटचा दांडा पंचवीस सेंटिमीटरचा असतो, त्याच्या टोकाला चार किलोचा जोर दिला की हे १० झाले. चार किलो म्हणजे भाजीची पिशवी उचलायला लागतो तेवढा. 'अजून थोडा टाइट करू' म्हणून मनगट हललं की बोल्ट कटकन तुटतो, किंवा त्याहून वाईट, इंजिनच्या ॲल्युमिनियममधले आटे निघून येतात. दोन सुतीच्या पंधरा सेंटिमीटर दांड्याला त्याच कामासाठी सात किलो लागतात. तिथे हाताला अंदाज राहतो.

म्हणून कोणता रॅचेट जास्त दणकट हे विचारण्याआधी तुमच्या घरातले नट किती मोठे आणि किती अडचणीत बसलेले आहेत ते पाहा.

कूलरपाशी

लोखंडी कूलरमध्ये दोन अगदी वेगळी दुखणी असतात, आणि एक रॅचेट दोन्हींना पुरत नाही.

पहिलं दुखणं खालच्या स्टँडचं. चार महिने पाणी ठिबकतं, आठ महिने बोल्ट गंजत बसतात. भाच्याच्या कूलरचे बोल्ट जुने, दोन सूत जाडीचे. मी व्हर्नियर (जाडी मोजायची सरकती पट्टी) लावला तर डोकं ११.१ मिमी, म्हणजे ७/१६ इंच. इथेच लोक फसतात. मिलिमीटरच्या गोट्यांत ११ ची गोटी त्याच्यावर घट्ट बसते, गंजाची पापुद्री असेल तर बसतच नाही. मग माणूस १२ ची लावतो. ती छान सरकते, एक झटका देताच बोल्टच्या कोपऱ्यांवरून घसरते आणि नट गोल. मी चहा घेत होतो तेवढ्यात भाच्याने एका बोल्टवर नेमकं हेच केलं.

"मामा, हे तं फिरूनच राहिलं नुसतं."

"गोटी फिरून राहिली बाबा, बोल्ट नाही."

उरलेल्या तिघांना आम्ही वायर ब्रशने खरवडलं, गंज सोडवायचं तेल मारलं, पंधरा मिनिटं गप्प बसलो. नंतर ११ ची षटकोनी गोटी हलक्या हातोडीने ठोकून बसवली. आणि आता मुख्य गोष्ट: पहिला झटका रॅचेटने दिला नाही. सेटमधल्या सरकत्या टी दांड्याला गोटी लावली आणि त्याने बोल्ट सोडवला. तो 'कर्र' करून हलल्यावर मग तीन सुतीचा रॅचेट लावला आणि उरलेले आटे अर्ध्या मिनिटात बाहेर.

असं का, ते रॅचेटच्या पोटात डोकावलं की समजतं. आत एक दातेरी चकती असते आणि तिच्या दातांत अडकणारा एक छोटा खटका, मागून स्प्रिंगने ढकललेला. एका दिशेने खटका दातांवरून उड्या मारत जातो, तीच ती 'किर्र किर्र'. दुसऱ्या दिशेने तो दातांत रुततो आणि चकती फिरते. तुमचा सगळा जोर त्या चार-दोन दातांवर येतो. टी दांड्यात, एल पान्यात किंवा रिंग पान्यात असा हलणारा भाग नाही, अख्खं लोखंड एकच. जाम नट फोडायचं काम त्यांचं. रॅचेटचं काम नट हलल्यानंतरचे वीस फेरे.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बारा-पंधरा वर्षांपूर्वी डब्यातल्या दोन सुतीच्या रॅचेटला मी हातभर पाइप घातला होता, असाच कूलर, असाच एप्रिल. खटक्याने दात सोडला आणि माझी मूठ पूर्ण जोरानिशी कूलरच्या पत्र्याच्या कडेवर. उजव्या हाताच्या दोन बोटांच्या पेऱ्यांवर ती खूण अजून आहे. डब्यावर 'लाइफटाइम' लिहिलं होतं, कोणाचा ते लिहिलं नव्हतं.

दुसरं दुखणं आतल्या मोटरचं. पट्टीला मोटर धरून ठेवणारे नट पंख्याची पाती आणि मागचा पत्रा यांच्या बोळात असतात. तिथे जोर नकोच, जागा हवी. माझा अर्ध्या इंचीचा डोक्याने एवढा जाडजूड की तो आत शिरतच नाही. दोन सुतीचा शिरला, नट १० चा होता म्हणून चाललाही. तीन सुतीचाही शिरला, आणि तिथे दातांचा हिशेब समोर आला.

दात किती?

चकतीला २४ दात असतील तर पुढचा दात पकडायला दांडा १५ अंश मागे न्यावा लागतो. ३६ दात असतील तर १० अंश, ४५ असतील तर ८, ७२ असतील तर ५, आणि ९० असतील तर ४. ऐकायला किरकोळ वाटतं. आता वीस सेंटिमीटर लांब दांड्याचं टोक धरून पाहा: १५ अंशांना ते पाच सेंटिमीटरहून जास्त हलावं लागतं, ५ अंशांना पावणेदोन सेंटिमीटर. म्हणजे एक तीन बोटं जागा मागतो, दुसरा एक बोट. कूलरच्या त्या बोळात मला जेमतेम दोन बोटं मिळत होती. माझा जुना २४ दातांचा तिथे नुसता मागे-पुढे डुलत राहिला, एकही दात पकडेना. ७२ चा निवांत चालला.

बारीक दात म्हणजे नाजूक दात, असं जुने लोक म्हणतात. अर्धं खरं आहे. एकाच खटक्यावर बारीक दात असतील तर प्रत्येक दातावर ताण जास्त येतो. म्हणून चांगल्या ७२ दाती रॅचेटमध्ये खटका रुंद असतो, एकाच वेळी बरेच दात धरतो, किंवा दोन खटके असतात. स्वस्तातल्या ७२ दातीवर माझा भरवसा नाही. त्यापेक्षा त्याच पैशात ४५ चा बरा. आणि १२० दातांचे जे निघालेत ते घरासाठी निव्वळ हौस आहे.

दात किती ते डब्यावर लिहिलेलं नसेल तर दुकानातच मोजता येतात. खुंटी बोटांत धरा, दांडा काटकोनात फिरवा आणि 'किर्र' मोजा, मग चारने गुणा. सहा टिक म्हणजे २४, नऊ म्हणजे ३६, अठरा म्हणजे ७२. दुकानदार बघत राहतो, बघू द्या.

स्कूटर आणि मोटारसायकल

इथे आधी एक कबुली. दुचाकीच्या कोणत्याही गॅरेजमध्ये जाऊन पाहा, मिस्त्रीच्या हातात रॅचेट क्वचित दिसतो. त्याच्या हातात टी पाना असतो. १० चा टी पाना बोल्टवर ठेवला, वरून तळव्याने भिरकावला, बोल्ट बाहेर. रॅचेटपेक्षा वेगवान, तुटायला काही नाही, आणि एकेक घेता येतो. ज्याच्या घरी फक्त स्कूटर आहे त्याने रॅचेटच्या नादी न लागता ८, १०, १२ आणि १४ असे चार टी पाने आणावे, असं माझं सरळ मत. रॅचेटचा लेख वाचायला आलेल्याला हे आवडणार नाही, पण आहे ते आहे.

टी पाना जिथे अडतो तिथे रॅचेट जिंकतो: वर जागा नाही, आडवा हात घालावा लागतो अशा ठिकाणी. स्कूटरच्या पोटात अशा जागा भरपूर. तिथे दोन सुती आणि तीन सुती दोन्ही चालले. दोन सुतीचा हलका, चिंचोळ्या फटीत बोटांनी फिरवता येतो. कव्हरच्या कामाला मला तोच आवडतो. मात्र खालचा ऑइलचा बोल्ट आला की दोन सुतीचा कुरकुरायला लागतो, आणि चाकाच्या मोठ्या नटांना तर त्याने हातही लावू नये.

प्लगसाठी वेगळी लांब गोटी लागते. भाच्याच्या दोन्ही गाड्यांचा प्लग १६ मिमीचा निघाला, हल्लीच्या बऱ्याच शंभर-सव्वाशे सीसी गाड्यांचा तोच असतो. ही १६ ची लांब गोटी सेहेचाळीसच्या डब्यात नसते, कारण डबा १४ वर थांबतो.

आरशाच्या नटाला तिन्ही रॅचेट फुकट. आरशाची दांडी मधून जाते, गोटी वरून घालणार कुठून? तिथे साधा फिक्स पानाच. म्हणून रॅचेट घेतला तरी दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा अशा दुतोंडी पान्यांचा एक जुडगा घरात पाहिजेच. रॅचेट त्यांची जागा घेत नाही.

अजून एक बारकावा. हार्डवेअरच्या दुकानातल्या ८ मिमी बोल्टचं डोकं बहुधा १३ चं असतं, जपानी पद्धतीने बांधलेल्या गाड्यांवर तोच ८ मिमीचा बोल्ट १२ च्या डोक्याचा येतो. १० मिमी बोल्टचं तसंच: गाडीवर १४, बाहेर १६ किंवा १७. म्हणून घरात कूलर आणि गाडी दोन्ही असतील तर १२ आणि १३ या दोन्ही गोट्या लागतात. '१२ आहे ना, चालून जाईल' असं म्हणायचं नाही.

कार

कारचं चाक बदलायचं म्हणून अर्ध्या इंचीचा सेट घेणारे मी बरेच पाहिलेत. चाकाचे नट छोट्या कारना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटरने आवळायचे असतात. पंचवीस सेंटिमीटरच्या रॅचेटने १०० गाठायचे तर टोकाला चाळीस किलोचा जोर हवा. शिवाय पंक्चरवाल्याने हवेच्या गनने आवळलेले नट त्याहून कितीतरी घट्ट निघतात. मग माणूस रॅचेटवर उभा राहतो. अर्धा इंची रॅचेट मानकाप्रमाणे हे सोसेलही, पण ते तुमच्याकडचा रॅचेट खरंच मानकाचा असेल तर. माझा सल्ला: यासाठी रॅचेट नकोच. अर्ध्या इंची खुंटीचा दीड-दोन फुटी साधा दांडा, ब्रेकर बार म्हणून मिळतो तो, आणि तुमच्या नटाची एक षटकोनी गोटी. मारुतीच्या बहुतेक गाड्यांना १९, ह्युंदाईच्या बहुतेकांना २१, पण आपली मोजूनच घ्या. एवढं डिकीत टाकलं की झालं. वर्धा रोडवर भर दुपारी चाक बदलायची वेळ आली तर कारसोबतच्या आखूड एल पान्यापेक्षा हा लांब दांडा दुवा घेतो.

चाक सोडून कारचं बाकी काम, म्हणजे बॅटरीची क्लिप, एअर फिल्टरचा डबा, खालची गार्ड, यांना तीन सुतीचा रॅचेट अगदी मापात बसतो. अर्ध्या इंचीने ही कामं होतात, पण बॉनेटखाली तो सारखा कुठेतरी आपटतो.

स्वतः ऑइल बदलणारा, ब्रेक उघडणारा माणूस असेल तर गोष्ट वेगळी. त्याला अर्ध्या इंचीचा सेट लागेलच, आणि तो हा लेख वाचणार नाही.

बॅटरीबद्दल मात्र थांबून सांगतो. कारची असो की इन्व्हर्टरची, रॅचेटचा दांडा चकचकीत लोखंडाचा असतो. पॉझिटिव्हवर गोटी आणि दांडा बॉडीला टेकला की ठिणगी, आणि इन्व्हर्टरच्या दोन टर्मिनलवर आडवा पडला तर रॅचेट तिथेच चिकटून लालभडक होऊ शकतो. सोडवताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. दांड्याला काळी टेप गुंडाळा. अंगठी काढून ठेवा. इथे आखूड दांडाच बरा, म्हणून माझ्या बॅटरीच्या कामाला दोन सुतीचा किंवा तीन सुतीचा, अर्धा इंची कधीच नाही.

पलंग, कपाट, वॉशिंग मशीन, पंख्याचा दांडा ही घरातली कामं दोन सुतीच्या डब्याने बिनबोभाट होतात. त्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

डब्यातले आकडे

सेहेचाळीस पीसचा डबा भाच्याच्या शेजाऱ्याकडे होता, तो उघडून मोजला. त्यात गोट्या तेरा, ४ पासून १४ मिमीपर्यंत. एक रॅचेट, एक्स्टेंशन (लांबी वाढवायची दांडी), सरकता टी, वाकडं चालणारा जोड, स्क्रूड्रायव्हरची मूठ, तीन-चार ॲलन की. उरलेले सगळे स्क्रूड्रायव्हरचे बिट. म्हणजे नट-बोल्टच्या हिशेबाने हा तेरा पीसचा डबा आहे, त्यातही ४, ४.५, ५ या गोट्या खेळण्यांना लागतील तेवढ्याच.

चोवीस पीसचा अर्ध्या इंचीचा सेट उलट बाजूने तसाच. तो १० पासून सुरू होतो आणि ३२ पर्यंत जातो. ८ ची गोटी नाही, पण २७, ३० आणि ३२ आहेत. ३२ चा नट माझ्या घरात कुठे आहे हे मी आजवर शोधतोय. या गोट्या वजनाला मात्र भरपूर, दुकानदार पेटी उचलून तुमच्या हातात देतो आणि वजनानेच सौदा होतो.

तीन सुतीचा सेट या दोघांच्या मधली जागा नेमकी भरतो, ८ ते १९-२२. मग लोक तो का घेत नाहीत? कारण तो पटकन मिळत नाही. इतवारीत लोहा ओळीच्या बाजूला मी तीन सुतीची सुटी १३ ची गोटी मागितली, तर दुकानदार म्हणाला, "भाऊ, हे मांगणारा महिन्यातून एखादा येते. अर्ध्या इंचीची घेऊन टाका नं, ढिगानं आहे." मित्राचा सल्ला बरोबर असूनही इथेच अडतो. गोटी हरवली, आणि १० ची गोटी हरवतेच, तर अर्ध्या इंचीची उद्या सकाळी कोपऱ्यावर मिळेल, तीन सुतीची मागवून दोन-तीन दिवस थांबावं लागेल.

यावर एक तोडगा आहे. ३/८ वरून १/२ वर नेणारा छोटा ॲडॉप्टर मिळतो. तो लावला की तीन सुती रॅचेटवर अर्ध्या इंचीच्या गोट्या चालतात. डोकं अडीच-तीन सेंटिमीटरने उंच होतं हा तोटा, आणि अर्ध्या इंचीची गोटी लावली म्हणून रॅचेट अर्ध्या इंचीचा होत नाही हे विसरायचं नाही. २०२ न्यूटन-मीटरचाच तो.

गोट्या षटकोनीच घ्या. बारा कोनी गोटी बोल्टवर चटकन बसते, अर्ध्या चालीत कोपरा सापडतो, पण ती बोल्टला कोपऱ्यांपाशी धरते. षटकोनी गोटी सपाट बाजूंना धरते. आपल्याकडच्या गंजलेल्या, आधीच कोणीतरी चावलेल्या बोल्टांवर बारा कोनी म्हणजे गोल करायचं यंत्रच. भाच्याच्या त्या पहिल्या बोल्टची गोटी बारा कोनीच होती.

हातात घेतल्यावर

रॅचेट शक्यतो दुकानातच घ्या, ऑनलाइन स्वस्त मिळाला तरी. एक चाचणी फोटोत होतच नाही. खुंटीवर गोटी लावा, गोटीला दोन बोटांनी अगदी हलकं धरा आणि दांडा मागे न्या. गोटी जागेवर राहून फक्त किर्र वाजलं पाहिजे. गोटीही दांड्यासोबत मागे फिरली तर स्प्रिंग फार कडक आहे. असा रॅचेट ढिल्या नटावर काहीच करत नाही, नट पुढे-मागे नुसता झुलतो, आणि शेवटी तुम्ही बोटांनीच फिरवता. स्वस्त डब्यातला रॅचेट नेमका इथे नापास होतो.

मग खुंटी धरून हलवून पाहा, डगडगते का. दिशा बदलायची चावी तेलकट अंगठ्याने फिरेल अशी आहे का. डोक्यामागे स्क्रू असतील तर उत्तम, उघडून साफ करता येतो. आपल्या धुळीत दोन वर्षांत साफ करावा लागतोच, आणि आत पातळ मशीन ऑइलचे दोन थेंब पुरे. घट्ट ग्रीस भरलं की खटका चिकटतो. मी एकदा भरलं होतं.

डोक्याच्या पाठीवर गोटी सोडायचं बटण असलेला मिळाला तर घ्या. हे बटण १९६५ साली अमेरिकेत पेटंट झालं, पीटर रॉबर्ट्स नावाच्या पोराच्या नावावर. सिअर्सच्या दुकानात तो नोकरीला होता आणि वयाच्या अठराव्या वर्षी रिकाम्या वेळात त्याने ते जमवलं होतं. सिअर्सने त्याच्याकडून हक्क दहा हजार डॉलरमध्ये घेतले, आणि त्यावरची कोर्टबाजी पुढे १९८९ पर्यंत चालली. तेलाने माखलेल्या हातांनी बटणाशिवाय गोटी ओढून काढून पाहा, भांडण एवढं का लांबलं ते कळेल.

नावाचं म्हणाल तर नाशिकची टपारिया आणि स्टॅनली ही दोन नावं नागपुरात सहज मिळतात, सुट्या गोट्याही मिळतात, आणि मला तेवढं पुरतं. नाव आणि माप लोखंडात उठवलेलं किंवा कोरलेलं असावं, स्टिकर नको. पक्कं बिल मागा.

रॅचेट लावलेले रिंग पानेही हल्ली खूप दिसतात. छान असतात, चपटे असल्याने जिथे गोटीची उंची मावत नाही तिथे शिरतात, आणि लांब आट्याचा बोल्ट त्यांच्यातून आरपार जातो. पण प्रत्येक मापाचा वेगळा, आणि खटका बिघडला की तेवढा पाना गेला. पहिली खरेदी म्हणून नको. १० आणि १३ असे दोन पुढे-मागे घ्या.

भाच्याने काय घेतलं

फक्त फ्लॅट आणि फर्निचर असतं तर मी त्याला सेहेचाळीसचा डबा घे म्हणालो असतो, जोर न लावण्याच्या अटीवर. नुसती स्कूटर असती तर टी पाने. त्याच्याकडे कूलर, दोन दुचाक्या आणि कार आहे, म्हणून यादी अशी झाली: तीन सुतीचा ७२ दाती रॅचेट एक, सहा इंची एक्स्टेंशन, षटकोनी गोट्या ८, १०, ११, १२, १३, १४ आणि १७, अर्ध्या इंचीचा तो ॲडॉप्टर, आणि डिकीसाठी अर्ध्या इंची लांब दांडा व चाकाच्या नटाची एक गोटी. १० ची गोटी दोन सांगितल्या. पेटी घेतली नाही, जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवून घेतली आईकडून. एकूण खर्च डब्याच्या काही पट झाला, आणि तो त्याने दोन पगारांत वाटून केला: रॅचेट आणि गोट्या आधी, दांडा पुढच्या महिन्यात.

गोल झालेला तो चौथा बोल्ट शेवटी छिन्नीने कापून काढला. त्याच्या जागी ६ मिमीचा नवा बोल्ट टाकला, १० च्या डोक्याचा, खाली-वर वॉशर लावून आणि आट्यांना ग्रीस चोपडून, म्हणजे पुढच्या होळीला सुटेल. प्लगची १६ ची लांब गोटी अजून आणायची राहिली आहे.